पंखाखालचा चेहरा

जुन्या छायाचित्रांची एखादी पत्र्याची पेटी ज्यांच्या घरीं नाहीं असें कुटुंब आपल्यांत विरळाच सांपडेल. वर्षांतून एकदां, बहुधा दिवाळीच्या झाडलोटीच्या वेळीं, ती माळ्यावरून खालीं येते. वडील मंडळी चष्मे पुसून भोंवतीं बसतात, 'हे कोण, ते कोण' अशी ओळखपाळख होते, आणि दोन घटकांनीं पेटी पुनः वर जाते. आमच्या परभणीच्या घरींहि अशी एक पेटी आहे. तींतील एका छायाचित्रानें गेल्या वर्षीं आम्हां सर्वांस कित्येक महिने कामाला लावलें. त्याची हकीकत सांगावी, आणि विमानाच्या छायाचित्रांतील उजेड व काळोख कसा सुधारावा, कोठवर सुधारावा व कोठें हात आंवरावा याविषयीं आम्ही जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परभणीचें आणि विमानाचें नातें काय, असें कोणीहि विचारील. आमच्या जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाहीं. कापसाच्या शेतांवरून फार उंच पांढरी रेघ ओढीत जाणारें विमान मुलें मान वर करून पाहातात, तेवढाच काय तो परिचय. जवळून पाहावयाचें तर नांदेडास जावें लागतें. परंतु आमचे थोरले काका मात्र परभणीहूनच विमानाच्या नोकरीस गेले होते. त्या काळीं आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानांत मोडत असे. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीनें १९४५ सालीं 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी निघाली, आणि तिचें ठाणें हैदराबादेस बेगमपेठेच्या विमानतळावर होतें. मनमाडहून परभणी, नांदेड करीत हैदराबादेकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीनें काका तेथें पोंचले व यंत्रदुरुस्तीच्या खात्यांत लागले.

कंपनीचीं विमानें डाकोटा जातीचीं होतीं. ज्या डीसी-३ विमानावरून हीं घडविलीं गेलीं, त्याचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजीं झालें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत तीं हजारोंनीं तयार झालीं. युद्ध संपल्यावर स्वस्तांत मिळूं लागलीं, आणि आपल्याकडील नव्या विमान-कंपन्यांचा संसार त्यांच्यावरच उभा राहिला. १ ऑगस्ट १९५३ पासून 'डेक्कन एअरवेज' इतर कंपन्यांबरोबर 'इंडियन एअरलाइन्स'मध्यें सामील झाली व काकाहि तींत गेले. पुढें दोनच वर्षांनीं, १९५५ मध्यें, विषमज्वरानें त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, एक वर्षाचीहि नव्हती.

पेटींतील तें छायाचित्र या काकांचें. मागें शिसपेन्सिलीनें 'बेगमपेठ, १९५२' असें लिहिलेलें. चित्रांत डाकोटाचें नाक, एक इंजिन, त्याचा तीन पात्यांचा पंखा आणि डोक्यावर पसरलेला विमानाचा रुंद पंख. आणि त्या पंखाखालीं, एक हात कमरेवर ठेवून, टोपी घातलेले काका उभे. विमानाचा रंग न दिलेला पत्रा उन्हांत असा तळपत आहे कीं त्यावरील खिळ्यांच्या ओळी मोजून घ्याव्या. पण काकांच्या तोंडाच्या जागीं निव्वळ काळें! टोपीची सांवली, तीवर पंखाची सांवली, आणि मागें पांढरें फटफटीत आभाळ. लग्नाच्या छायाचित्रांत मुंडावळ्यांनीं अर्धें तोंड झांकलेलें, आणि तें चित्रहि हललेलें. तेव्हां ताईनें सत्तर वर्षें पाहिले ते वडील असे: अंगलट आहे, उभें राहाण्याची ढब आहे, चेहरा नाहीं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीं आम्हीं हें छायाचित्र एका मोठ्या शहरांतील छायाचित्रकाराकडे दिलें होतें. त्यानें तें मोठें करून, रंगवून परत पाठविलें. आभाळ निळें झालें होतें, त्यांत दोन ढगहि आले होते. आणि काळ्या जागीं एक गोरापान, गुळगुळीत गालांचा, कोरलेल्या मिशांचा तरुण हंसत होता. काकूंनीं तें बराच वेळ निरखलें आणि शांतपणें विचारलें, "चित्र छान आहे हो. पण हे कोण?" आम्हां कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. ती तसबीर आजहि कपाटाच्या मागें, भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

गेल्या वर्षीं काकूंनीं नव्वदी ओलांडली. त्या सुमारास आमचा पुतण्या पुण्याहून सुटींत आला होता. त्यास विमानांचीं छायाचित्रें घेण्याचा मोठा नाद आहे. ताईनें त्याच्या हातीं तें छायाचित्र दिलें आणि म्हणाली, "बाळ, माझे बाबा यांत असतील तर दाखव; पण नवे करून देऊं नकोस." हें एक वाक्य आम्हांस पुढें सर्व कामांत नियमासारखें उपयोगीं पडलें.

पुतण्यानें प्रथम आम्हांस दोषाचें कारण समजावून दिलें. भर दुपारीं अंगणांतून माजघरांत पाऊल टाकावें, तर क्षणभर कांहींच दिसत नाहीं. मग हळूहळू डोळे सरावतात, देव्हारा दिसतो, कोपऱ्यांतली घागर दिसते. मनुष्याचा डोळा असा थांबतो आणि स्वतःस जुळवून घेतो. कॅमेऱ्याचा डोळा थांबत नाहीं. त्यास एका क्षणांत, एकाच मापानें, अंगण आणि माजघर दोन्ही पाहावीं लागतात. हें माप म्हणजेच एक्स्पोजर, अर्थात् चित्रास किती प्रकाश मिळाला तें. आणि चित्रांतील सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या जागेंत जें अंतर, तो कॉन्ट्रास्ट.

विमानाच्या चित्रांत हीं दोन्ही मापें चुकावयाचींच. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक असें गृहीत धरून चालतो कीं समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखी रंगाचें, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा १८ च्या आसपास प्रकाश परत फेंकणारें आहे. आतां विमानाच्या मागें असतें उघडें आभाळ. तें तेजस्वी, म्हणून मापक प्रकाश कमी करतो, आणि आभाळ राखी होऊन विमान कोळशासारखें काळें उमटतें. उलट, गडद ढगापुढें उन्हांत चमकणारें पांढरें विमान आलें कीं मापक ढगाकडे पाहून प्रकाश वाढवितो, आणि विमानाच्या अंगावरील अक्षरें, खिडक्या, सारें पांढऱ्यांत विरघळून जातें. म्हणून जाणते लोक मापकावर विसंबत नाहींत. उजळ आभाळापुढें पोटाकडून दिसणाऱ्या विमानास एक पायरी प्रकाश अधिक देतात, आणि उन्हांतल्या पांढऱ्या विमानास थोडा कमी. येथें एक पायरी म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश.

नांदेडचा विमानतळ २००८ सालीं गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें नव्यानें सजला. पुतण्या आम्हांस एकदां त्या बाजूस घेऊन गेला. विमानतळाच्या हद्दींत छायाचित्रें घेण्यास कायद्याचीं बंधनें असतात, म्हणून आम्ही हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला एका लिंबाखालीं उभे राहिलों. प्रथम दुपारीं घेतलेलीं सर्व चित्रें वायां गेलीं, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत होती आणि विमानाच्या कडा पाण्यांतल्या काठीसारख्या वांकड्या उमटल्या. ह्या दोषास घरीं बसून करण्यासारखा उपाय नाहीं. सकाळीं लवकर जावें, हाच उपाय. दुसरें असें कीं जेट विमानास सेकंदाचा हजारावा भाग चालतो, पण पंख्याच्या विमानास तेवढा वेग दिला तर फिरता पंखा गोठतो आणि विमान बंद पडून आभाळांत लटकल्यासारखें दिसतें. तेथें सेकंदाचा सव्वाशेंवा भाग पुरतो. मात्र हात स्थिर हवा.

घरीं आल्यावर संगणकावर त्यानें सुधारणेचा क्रम दाखविला, तो गृहस्थाश्रमी माणसास सहज जमण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, चित्र कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदींत, ज्यास हे लोक 'रॉ' म्हणतात, तींत घ्यावें. नेहमींच्या जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात. कच्च्या नोंदींत चार हजारांपासून सोळा हजारांवर असतात. काळ्या जागा उजळावयाच्या तर ह्या पायऱ्यांची शिल्लक हवी. ती नसेल तर सांवलींत गुळगुळीत छटांऐवजीं पट्टे आणि ठिपके उठतात.

दुसरी गोष्ट, आधीं आलेख पाहावा. चित्रांत काळें किती, मधलें किती, पांढरें किती, हें संगणक एका डोंगरासारख्या आकृतीनें दाखवितो. डोंगर उजवीकडच्या भिंतीस आपटून कापला गेला असेल तर तेथील पांढरें जळालें असें समजावें. काळ्यांत कांहींतरी दडलेलें असूं शकतें. जळालेल्या पांढऱ्यांत कांहींच नसतें. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यांत घेतांना आधीं उजळ बाजू सांभाळावी, सांवली मागून उचलतां येते. मग एकंदर प्रकाश थोडा वर-खालीं करून विमानाचें अंग आपल्या डोळ्यांस दिसलें होतें त्याच्या जवळ आणावें. त्यानंतर पोटाखालची सांवली सावकाश उचलावी. मग काळ्याचें व पांढऱ्याचें टोंक ठरवावें. आणि कॉन्ट्रास्टला हात सर्वांत शेवटीं लावावा. स्वयंपाकांत मीठ जसें चव पाहून शेवटीं सारखें करावें, तसें. पहिल्यांदाच कॉन्ट्रास्ट वाढविला तर काळें अधिक काळें, पांढरें अधिक पांढरें होऊन जें उचलावयाचें तेंच बुडतें.

अति झालें हें ओळखण्याच्याहि खुणा आहेत. सांवली फार उचलली कीं पंखाच्या कडेभोंवतीं देवाच्या मूर्तीमागें असते तशी पांढरी प्रभावळ दिसूं लागते. धुरकटपणा फार काढला कीं आभाळ शाईसारखें होतें. आमच्या मराठवाड्याच्या आभाळांत उन्हाळ्यांत धूळ असतेच. ती सगळी पुसली तर विमान सुंदर दिसेल, पण तें परभणी-नांदेडचें आभाळ राहाणार नाहीं.

येथें आमच्या पुतण्यानें स्वतःची एक चूक निःसंकोचपणें सांगितली. २०१५ व २०१९ या अवर्षणाच्या वर्षीं औरंगाबादेहून विमानें उडवून मराठवाड्यांत कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, हें पुष्कळांस आठवत असेल. त्यांपैकीं दुसऱ्या वर्षीं, ऑगस्टांत, त्यानें गच्चीवरून ढगांखालच्या एका लहान विमानाचें चित्र घेतलें. ढग पांढुरके, विरळ होते. विमान उठून दिसावें म्हणून त्यानें कॉन्ट्रास्ट चढविला. तों ढग काळेभोर, पाण्यानें ओथंबलेले दिसूं लागले. चित्र ज्यानें त्यानें वाखाणलें. पण आमच्या शेतावरचा वाटेकरी तें पाहून म्हणाला, "मालक, हें कुठल्या गांवचं आभाळ? आमच्यावर तर असं आलंच नाहीं." ज्याचें सोयाबीन वाळत होतें त्याला त्या चित्रानें खोटी आशा दाखविली, ही गोष्ट पुतण्याच्या मनास फार लागली. एका काडीचाहि बदल न करतां, केवळ छायाप्रकाश वाढवून, असत्य बोलतां येतें, हें तो त्या दिवशीं शिकला.

असा हा हात पोळलेला मुलगा असल्यामुळेंच ताईचें काम त्याच्याकडे देण्यास आम्हांस धीर आला. त्यानें छापील प्रत पाहिली आणि मान हालविली. कागदावर जें काळें झालें आहे त्यांतून कांहीं निघणें नाहीं, असें त्याचें मत पडलें. पण मग त्यानें विचारलें, "काका, याची निगेटिव्ह कुठें आहे?"

तीन दिवस पेट्या, फडताळें, जुन्या पंचांगांचे गठ्ठे धुंडाळले. शेवटीं काकूंच्या लुगड्यांच्या ट्रंकेंत, तळाच्या वर्तमानपत्राखालीं, एका पिंवळ्या पाकिटांत ती सांपडली. त्यांनींच ती ठेविली होती आणि ठेविल्याचें विसरल्या होत्या. फिल्म कडांस वळली होती, पण चिकटलेली नव्हती.

निगेटिव्हमध्यें सारें उलटें असतें. आभाळ काळें व दाट, आणि सांवलींतला चेहरा जवळजवळ पारदर्शक. जुन्या साध्या पेटी-कॅमेऱ्यास प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय नव्हतीच म्हटलें तरी चालेल. जेवढा मिळाला तेवढा. छपाई करणाऱ्यानें विमान नीट यावें अशा बेतानें, तीव्र छटांच्या कागदावर, प्रत काढली; त्यांत पातळ चेहरा पार काळा झाला. प्रश्न एवढाच होता कीं फिल्मवर चेहऱ्याची कांहीं नोंद उरली आहे कीं नाहीं. त्याची परीक्षा फार सोपी आणि फार निष्ठुर आहे. फिल्मच्या कडेला जी कोरी पट्टी असते, जीवर प्रकाश पडलेलाच नसतो, तिच्याशीं चेहऱ्याची जागा ताडून पाहावयाची. दोन्ही सारख्याच स्वच्छ असतील तर तेथें कांहीं नाहीं, आणि जगांतील कोणतेंहि यंत्र तें आणूं शकणार नाहीं.

पुतण्यानें फुंकणीनें धूळ उडविली, फिल्म उजेडाच्या सपाट पाटीवर दोन कांचांत धरली आणि वर कॅमेरा लाविला. कोरी पट्टी जळणार नाहीं एवढाच प्रकाश दिला. दाट आभाळासाठीं निराळी प्रत अधिक प्रकाशाची घेतली. संगणकावर चित्र मोठें केलें. आम्ही त्याच्या खुर्चीमागें उभे होतों. ताई दाराशींच थांबली; पुढें येण्यास तिला धैर्य होईना. पट्टी आणि चेहरा यांत केंसाएवढा फरक होता, पण होता.

पुढचें काम धिम्या हातानें चाललें. चित्र सुलटें केलें. टोपीखालच्या जागेपुरती एक मर्यादा आंखून तेवढ्याचाच प्रकाश थोडा थोडा वाढविला. तेथील छटांतलें अंतर अलगद ताणलें. आधीं नाकाचा उंचवटा दिसला, मग एका गालाची कड, मग डोळे. ते किंचित् मिटलेले होते, ऊन समोर होतें म्हणून. मिशा विरळ होत्या. फिल्मचे कण वाळूसारखे दिसत होते, ते त्यानें तसेच राहूं दिले. गुळगुळीत करावयास गेलें कीं मनुष्य मेणाचा होतो, असें तो म्हणाला. आभाळ कोरेंच ठेविलें.

मग फिल्मवरचे डाग पुसण्याची वेळ आली. धुळीचा कण छापील चित्रांत पांढरा ठिपका होऊन येतो, आणि पाठीकडील ओरखडा बहुधा पांढरी रेघ होऊन. अशा रेघा पुसणें हें सुधारणेंत क्षम्य आहे, कारण त्या दृश्यांतल्या नव्हेत. कपाळावर डाव्या भुंवईच्या वर अशीच एक फिकट रेघ होती. ती पुसण्यास पुतण्यानें हात घातला, आणि काय वाटलें कोण जाणे, थांबला. "एकदां काकूआजींना दाखवूं," म्हणाला.

काकूंना खुर्चीसकट संगणकापुढें आणलें. त्यांनीं चष्मा सारखा केला. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग बोट पुढें करून त्यांनीं ती रेघ दाखविली. "ही खोक गंगाखेडच्या घाटावरची. लहानपणीं पायरीवरून घसरून पडले होते. टोपी नेहमीं डावीकडे ओढून घालायचे ते याच्यासाठीं." आणि थोड्या वेळानें, कोणाकडेहि न पाहातां, "दमलेले दिसतायत. रात्रपाळी असेल."

रंगविलेल्या तसबिरींतला तरुण हंसत होता. हे काका हंसत नव्हते. कामानें थकलेला, उन्हानें डोळे बारीक केलेला, पंचविशींतला एक साधा मनुष्य विमानाच्या पंखाखालीं विसांव्यास उभा होता. ताई त्या वेळीं पुढें आली. तिनें आपल्या कपाळावरून, भुंवईवरून हात फिरविला. खोक तिला नव्हती, पण भुंवयांची ठेवण तीच होती, हें आम्हां सर्वांच्या एकदमच ध्यानांत आलें.

ज्यांच्या घरीं अशीं छायाचित्रें आहेत त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं छापील प्रतीपेक्षां निगेटिव्ह अधिक जपावी. तिला ओलीपासून, उष्णतेपासून आणि बोटांच्या ठशांपासून दूर, साध्या कागदी पाकिटांत ठेवावी. सुधारलेल्या चित्राबरोबर मूळ चित्रहि जसेंच्या तसें राखावें, आणि काय बदललें हें मागें लिहून ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीची फसवणूक होणार नाहीं. जें नोंदलें गेलें आहे पण दिसत नाहीं, तें उजेडांत आणणें ही सुधारणा. जें नोंदलेंच नाहीं तें घालणें ही दुसरीच गोष्ट आहे, मग ती कितीहि मायेनें केलेली असो. आणि एखादी रेघ पुसण्यापूर्वीं घरांतील वडील माणसास विचारावें, तें आहे तोंवर.

आमच्या घरीं आतां भिंतीवर दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं आहेत: १९५२ ची काळ्या चेहऱ्याची मूळ प्रत, आणि नवी. नवीच्या मागें पुतण्यानें आपल्या अक्षरांत तारीख व केलेले फेरफार लिहिले आहेत. शेवटची ओळ अशी आहे: 'कपाळावरची रेघ पुसलेली नाहीं, ती त्यांचीच आहे.'